महापरसादाचा तांदूळ

"खेमराजभाई, जरा मीठ इकडे सरकवता का?"

एवढंच तो म्हणाला, आणि खेमराजचा घास ताटाच्या आणि तोंडाच्या मधे थांबला. मीठ मागण्यात काही वावगं नव्हतं. मांडवाखाली चटईवर ओळीने बसलेली माणसं एकमेकांना मीठ, वरण, लोणचं मागतच होती, आणि शिबिराचा नियमच होता की इथे कुणी साहेब नाही, पंडित नाही, पटील नाही. प्रत्येकाला नावाने हाक मारायची आणि पुढे भाई किंवा बहन लावायचं. तो नियम खेमराजने पहिल्या दिवशी सगळ्यांबरोबर टाळ्या वाजवून मान्यही केला होता. नॉर्वेच्या मिस ओल्सेनने "खेमराजभाई" म्हटलं तेव्हा त्याला गुदगुल्याच झाल्या होत्या. पण आता ते नाव बाहेर पडलं होतं जागेश्वरच्या तोंडातून. गावचे निरोप पोचवणाऱ्या केवळराम कोतवालाच्या जाग्याच्या तोंडातून. गावात खेमराजला नावाने हाक मारणारं कुणी उरलं नव्हतं. बाप नावाने बोलवायचा, तो गेला. बाकी सगळे पटील म्हणत, म्हातारे लोक मालक म्हणत, बायको काहीच म्हणत नसे. आपलं नाव असं उघडं, कोरडं, भाताच्या वाफेतून आपल्याकडे येताना ऐकून त्याला वाटलं, कुणीतरी आपल्या अंगावरचा सदरा ओढतं आहे. त्याने मिठाची वाटी बोटाच्या टोकाने ढकलली. ती जागेश्वरच्या ताटाला लागून थांबली आणि थोडं मीठ चटईवर सांडलं. जागेश्वरने सांडलेलं मीठ तसंच राहू दिलं, वाटीतलं घेतलं, आणि पुढे जेवू लागला.

गोंदियात हे शिबिर भरलं होतं ते भाताच्या गिरणीवाल्या चुन्नीलाल शेठच्या बागेतल्या कोठीत. जगभरचे निरनिराळ्या धर्मांचे लोक एकत्र राहणार, एकमेकांचं ऐकणार, आणि दंगा, वैर, आकस कसा शमवायचा ते शिकून आपापल्या मुलखात परतणार. फाळणीची आग विझून दहा वर्षं झाली होती, तरी कुठे ना कुठे धूर निघतच होता, म्हणून कुण्या परदेशी मंडळाने हा खटाटोप मांडला होता. मिस ओल्सेन मुख्य. खादीभांडारातल्या सुशीलाबाई तिचं इंग्रजी हिंदीत करून सांगत. हिंदूंच्या वतीने खेमराजचं नाव सुशीलाबाईंनीच घातलं होतं: घरंदाज पोवार, माजी मालगुजाराचा, म्हणजे गावच्या जमीनदाराचा मुलगा, मॅट्रिक पास, चार माणसांत बोलण्याची सवय. बौद्धांच्या वतीने सिलोनचा एक भिक्खू यायचा होता. तो कलकत्त्यातच तापाने आडवा झाला. ऐनवेळी बौद्ध कुठून आणायचा म्हणून सुशीलाबाई रेल्वेच्या ऑफिसात गेल्या, आणि तिथल्या बी.ए. झालेल्या कारकुनाला, जागेश्वरला, घेऊन आल्या. वर्ष-सव्वा वर्षापूर्वी दसऱ्याला नागपूरला जाऊन लाखोंच्या संगतीने त्याने धर्म बदलला होता. इस्त्रीचा कोट, डोळ्याला चष्मा, आणि इंग्रजी असं की मिस ओल्सेनला सुशीलाबाईंची गरजच पडू नये. मग त्या भोळ्या बाईने फळ्यावर जोड्या लिहिल्या आणि दोघं एकाच गावचे निघाले म्हणून आनंदाने त्यांना एका जोडीत घातलं. एकाच गावचे! गाव एक होतं हे खरं. पण नदीला दोन काठ असतात हे नॉर्वेच्या बाईला कोण सांगणार.

खेमराज सांगू शकत होता. त्याने सांगितलं नाही, कारण त्याला नॉर्वेला जायचं होतं. शिबिर संपताना एक जोडी निवडली जाणार होती, आणि ती सहा महिने तिकडे राहून पुढचं शिक्षण घेणार होती. जोडीच जाणार, एकटा नाही. हे ऐकल्यापासून त्याला दुसरं काही सुचत नव्हतं. मालगुजारी गेली तेव्हा बाप अंथरुणावर होता, तलाव सरकारजमा झाला तेव्हा बाप नव्हता, आणि आता गावात लोक पटील म्हणत ते जुनी सवय म्हणून, जशी मोडलेल्या गाडीलाही लोक गाडीच म्हणतात. भाताला पाणी सोडायचं तर सरकारी माणूस यायचा. पंचायतीत कालचे गडी मांडीला मांडी लावून बसत आणि त्याचं बोलणं संपायच्या आत दुसरा विषय काढत. विलायतेला जाऊन आलेला पटील मात्र कुणाला असा वाऱ्यावर सोडता आला नसता. तिरोड्याच्या स्टेशनवर माणसं न्यायला आली असती. त्याने ते स्टेशन, त्या माणसांच्या टोप्या, हार, सगळं इतक्यांदा पाहिलं होतं की आपण अजून गेलोच नाही याची त्याला मधूनच आठवण करून घ्यावी लागे. आणि या सगळ्याच्या आड उभा होता एक कोट घातलेला जाग्या. त्याच्याशिवाय जाता येत नव्हतं, त्याच्याबरोबर जावंसं वाटत नव्हतं.

सगळ्यांत वाईट होता ऐकण्याचा तास. जोडीतल्या एकाने बोलायचं, दुसऱ्याने मधे एक अक्षर न काढता ऐकायचं, आणि मग तेच सगळ्यांसमोर उठून सांगायचं, पण 'तो' म्हणून नाही, 'मी' म्हणून. जागेश्वर बोलला ते थोडंच होतं. पावसाळ्यात त्याचा बाप केवळराम निरोप घेऊन मालगुजाराच्या अंगणाशी यायचा. छपराखाली यायची मुभा नव्हती, आणि अंगणाच्या पार बाहेर राहिलं तर आतून हाक ऐकू येत नसे. म्हणून तो नेमका पागोळ्यांच्या रेघेवर उभा राहायचा, जिथे आभाळाचंही पाणी पडतं आणि छपराचंही. लहान जागेश्वर बापाचं धोतर धरून त्याच्या मागे उभा असे. एवढंच. सांगताना त्याच्या आवाजात राग नव्हता, रडं नव्हतं, आणि त्याचाच खेमराजला जास्त संताप आला. मग त्याला उभं केलं. "तो पागोळ्यांत उभा राहायचा," खेमराज म्हणाला. मिस ओल्सेनने हळूच बोट वर केलं. 'मी' म्हणा. त्याने पुन्हा सुरुवात केली आणि पुन्हा जिभेवर 'तो' आला. त्याला ती रेघ दिसत होती. अंगणात पागोळ्यांनी पाडलेली बारीक खड्ड्यांची ओळ. लहानपणी तिच्यात तो कागदाच्या होड्या सोडायचा. त्या ओळीवर कुणी उभं असायचं हे त्याला आठवत होतं, पण माणूस म्हणून नाही, अंगणातला एक खांब असावा तसं. शेवटी दात आवळून त्याने 'मी' म्हटलं आणि एखादं कडू औषध गिळल्यासारखं बाकीचं संपवलं. टाळ्या पडल्या. त्या टाळ्या त्याला थोबाडीत बसल्यागत वाटल्या.

मग जागेश्वर उठला, खेमराज होऊन. "मी खेमराज. माझे वडील फार दयाळू होते. आमच्या दारातून कुणी उपाशी गेलं नाही. गावचा तलाव आमच्या आजोबांनी बांधला. माझे वडील फार दयाळू होते." तो थांबला, चष्मा वर केला. "हे मी तीनदा सांगितलं, म्हणून दोनदा सांगतो." परदेशी पाहुणे हसले. कामठीचे मौलवीसाहेबही दाढीत हसले. खेमराजही हसला, कारण न हसणं शोभलं नसतं. कानाच्या पाळ्या मात्र तापून लाल झाल्या होत्या. त्याने खरोखरच तीनदा सांगितलं होतं.

त्या दुपारीच त्याने आपल्या हाताने आपल्या पायावर धोंडा पाडून घेतला. प्रत्येकाने आपल्या मुलखातली मैत्रीची एखादी रीत सांगायची होती, आणि सकाळचं हसू पुसून काढायची हीच वेळ, असं त्याला वाटलं. त्याने महापरसादाची रीत सांगितली, आणि फार छान सांगितली. जगन्नाथपुरीच्या प्रसादाचा वाळवलेला तांदूळ घरोघरी जपून ठेवलेला असतो. दोघं तुळशीपुढे उभे राहतात. एक म्हणतो, आजपासून तू माझा महापरसाद, आणि दाणे पुढे करतो. दुसरा ते तोंडात टाकतो, उलट देतो. जात आडवी येत नाही. याला महापरसाद बदणं म्हणतात. त्यानंतर सख्ख्या भावाहून जवळचं नातं. एकमेकांच्या घरचं सुतक, एकमेकांच्या लेकरांची लग्नं. आणि जन्मात पुन्हा एकमेकांचं नाव घ्यायचं नाही, नावाच्या जागी महापरसाद म्हणायचं, भेटलं की 'सीताराम, महापरसाद'. त्याच्या बापाने, रामलाल पटलाने, नागझिऱ्याच्या जंगलकाठच्या दुलीचंद गोंडाशी महापरसाद बदला होता. दुलीचंद आला की छोटा खेमराज त्याच्या पाया पडे. बाप गेला तेव्हा दुलीचंद रानातून पायी आला आणि पोटच्या पोरासारखं डोकं भादरून घेतलं. एकदा भंडाऱ्याच्या कचेरीत बापाला विचारलं होतं, तुमच्या साक्षीदाराचं नाव काय? बाप म्हणाला, "नाव मले घेता येत नाही, साहेब." वरून आलेला साहेब चिडला, पण इथला पेशकार मान डोलवून हळूच म्हणाला, याचा महापरसाद असेल. त्या एका वाक्याचा अर्थ आमच्याकडे शेंबड्या पोरालाही कळतो, असं खेमराज म्हणाला. सुशीलाबाईंनी भाषांतर संपवलं तेव्हा मिस ओल्सेनच्या डोळ्यांत पाणी होतं. शेवटच्या दिवशी सगळ्या जोड्या हेच करतील, ती म्हणाली. आणि सुरुवात, अर्थातच, खेमराजभाई आणि जागेश्वरभाई.

सुशीलाबाईंनी त्याला बाजूला घेऊन सांगितलं की बाईच्या मनात जोडी ठरल्यासारखीच आहे. मालगुजाराचा मुलगा आणि नवा बौद्ध, असा फोटो तिकडच्या वर्तमानपत्रात गेला तर मंडळाचं नाव होईल. दोन दिवस त्याने स्वतःशी वकिली केली. बागेत कुंडीतली तुळस आणून ठेवली म्हणून ते तुळशीवृंदावन होत नाही. मेमसाहेबाच्या सांगण्यावरून बदलेला महापरसाद, महापरसाद नव्हे. दंडारीत राम झालेला माणूस खेळ संपल्यावर घरी जाऊन बिडीच ओढतो की नाही? मग हेही तसंच. पण मधूनच तुलसाचं, त्याच्या आईचं बोलणं आठवे. ती म्हणायची, शब्द तोंडातून गेला का बदलं, बाबू. तांदूळ त मांगून येते. नातं बांधतो तो शब्द, दाणे नंतरचे. तिने हे कुण्या दोघा पोरांना खेळता खेळता महापरसाद बदताना पाहून म्हटलं होतं, आणि ती पोरं पुढे म्हातारी होईतो एकमेकांचं नाव घेत नव्हती. खेमराज ती आठवण परतवून लावी आणि ती पुन्हा दाराशी येऊन बसे. तांदूळ त्याने घरूनच मागवला. गिरजाने, त्याच्या बायकोने, देव्हाऱ्यातली पुरचुंडी गड्याबरोबर धाडली आणि विचारलं होतं, कोनासाठी? साहेबलोकांले दाखवाले, असं त्याने उलट कळवलं.

जागेश्वर या सगळ्यात काहीच बोलला नव्हता, आणि तो बोलत नाही म्हणजे त्याला हर्षच झाला असणार हे खेमराज धरून चालला होता. दुसरं काय व्हावं? कोतवालाच्या पोराला रामलाल पटलाच्या पोराने महापरसाद म्हणावं, हे त्याच्या सात पिढ्यांच्या स्वप्नात आलं नसेल. आदल्या संध्याकाळी आंब्याखाली गाठून त्याने त्याला एवढंच बजावलं, "हे पाय, हे नाटक हाय. गावात याचा गवगवा नोको." "नाटक तुम्हीच सांगितलंत, खेमराजभाई," जागेश्वर म्हणाला, आणि आत गेला. शिबिरात तो असंच बोलायचा, पुस्तकातल्यासारखं, गावची एक लकेरही येऊ न देता. खेमराजला ते शुद्ध बोलणं उष्ट्यासारखं लागे. आपण आपल्या बोलीत बोलतो तर गावंढळ ठरतो, आणि हा चोरून आणलेल्या भाषेत बोलतो तर शहाणा ठरतो.

शेवटच्या सकाळी ऊन कोवळं होतं. चुन्नीलाल शेठने खुर्च्या मांडल्या होत्या, फोटोवाला काळ्या कापडात डोकं घालून तयार होता. कुंडीत तुळस, केळीच्या पानावर तांदूळ. आधी कामठीचे मौलवीसाहेब आणि केरळचा पाद्री यांनी सराव म्हणून करून दाखवलं. हसत हसत दाणे खाल्ले, गळ्यात गळा घातला. त्यांच्यासाठी तो खेळ होता आणि खेळ म्हणून तो गोडच दिसला. मग खेमराज उभा राहिला. आता नीट करायचं, त्याने ठरवलं. करायचं तर असं करायचं की नॉर्वेपर्यंत ऐकू जावं. त्याने तांदूळ तळहातावर घेतला, हात पुढे केला, आणि त्याच्या कानाला स्वतःचा आवाज बापासारखा लागला. "आजपासून तू माहा महापरसाद. सीताराम, महापरसाद." काळ्या कापडाखाली फोटोवाला थांबला. जागेश्वर तळहाताकडे पाहत होता. त्याचे हात मागे बांधलेले होते आणि ते पुढे येत नव्हते. घेईल, खेमराजला वाटलं, भारावला आहे. मग जागेश्वरने मान वर केली, आणि शिबिरात पहिल्यांदा गावच्या बोलीत बोलला, हळू, जवळच्यालाच ऐकू जाईल असं.

"मी हे घेत नाही. देव माननार नाही, असी दीक्षेची शपथ हाय माही. पन शपथ नसती तरी घेतला नसता. माह्या बापाले तुमच्या घरी कोनी केवळराम म्हनलं नाही, कोतवाल्या म्हनलं. मले जाग्या म्हनलं. आता कुठं जागेश्वर म्हनाची पाळी आली, त तुमी नावच बंद करून राहिले."

मग तो मिस ओल्सेनकडे वळला आणि तेच इंग्रजीत सांगू लागला. खेमराजला त्यातला 'नेम' तेवढा कळला, तो पुन्हा पुन्हा येत होता. बाईचा चेहरा आधी हसरा राहिला, मग नुसताच उघडा राहिला. शेठने खुर्चीत चुळबूळ केली. कुणीतरी पाद्रीला काय झालं ते विचारत होतं. खेमराजचा हात पुढेच होता. दोन दिवस या क्षणातून सुटायला तो धडपडला होता, आणि आता सुटला होता, तर सुटल्याचं सुख कुठेच नव्हतं. होता तो फक्त द्वेष. या माणसाने स्वतःचंही नॉर्वे घालवलं होतं. स्वतःचंही घालवलं, पण हात पुढे केला नाही. आपण देणारे आणि तो घेणारा, यापलीकडे काही असू शकतं हे खेमराजच्या ध्यानीमनी नव्हतं, आणि आता सगळ्या जगासमोर तो हात पसरून उभा होता, अंगणाच्या काठावर उभा राहावा तसा. तांदूळ टाकून देता येत नव्हता, खाता येत नव्हता. घामाने दाणे तळहाताला चिकटले. त्याने ते रुमालात बांधून खिशात ठेवले.

नॉर्वेसाठी मौलवीसाहेब आणि पाद्री यांची जोडी ठरली.

दुपारी गोंदिया स्टेशनवर तिरोड्याकडची गाडी यायला वेळ होता. बाकावर गावचा हिरालाल भेटला, त्याचा शेतशेजारी, बाजार करून निघालेला. मांडीशेजारी शिदोरीचं फडकं सोडून तो भाकर खात होता. खेमराजला पाहून सरकला, घ्या जी पटील म्हणाला, आणि अर्धी भाकर त्याच्या हातावर ठेवली. पटील हा शब्द ऐकून खेमराजला बरं वाटलं. शिबिर संपलं, ते खोटं जग मागे राहिलं. समोर फलाटावर मिस ओल्सेन नागपूरला जायला उभी होती, आणि तिला पोचवायला जागेश्वर आला होता. दोघं बोलत होते. सकाळी तिचा समारंभ मोडणाऱ्याशी ती बाई मान लववून, लक्ष देऊन बोलत होती, जणू त्यानेच तिला काही दिलं होतं. बोलता बोलता जागेश्वरने एकदा बाकाकडे पाहिलं, ओळख होती म्हणून मान हलवली, आणि पुन्हा बोलू लागला. त्याला कशानेच बांधलं नव्हतं. तो कुणाचा महापरसाद नव्हता. हिरालाल डोळे बारीक करून पाहत होता.

"थो कोटवाला कोन हाय जी? आपल्या गावचा वाटून राहिला. कोतवालाचा पोरगा त नोहे? काय नाव त्याचं?"

जाग्या. एवढंच म्हणायचं होतं. ती दोन अक्षरं खेमराज लहानपणापासून अंगणात फेकत आला होता, आणि आज तर त्याला ती दगडासारखी फेकायची होती, फलाटाच्या पार, त्या चष्म्यावर. म्हणजे हिरालाल हसला असता आणि जग पुन्हा जागच्या जागी बसलं असतं. त्याने तोंड उघडलं. शब्द तोंडातून गेला का बदलं, बाबू. जीभ टाळूला लागून राहिली. जागेश्वर तरी म्हणावं, तेही येईना. माहीत नाही म्हणावं, तर तेही येईना, कारण खिशात रुमालाची गाठ मांडीला लागत होती आणि त्याला कचेरीतला बाप दिसत होता, साहेब ओरडत असताना शांत उभा. ज्याने तांदूळ घेतला नाही तो मोकळा सुटला होता, आणि ज्याने नाटक म्हणून म्हटलं तो बांधला गेला होता. खेमराजला त्या माणसाचा जीव घ्यावासा वाटला. नाव घेता येत नव्हतं.

"पटील?" हिरालाल म्हणाला.

"नाव मले घेता येत नाही," खेमराज म्हणाला.

हिरालाल घास चावता चावता थांबला. त्याने खेमराजकडे पाहिलं, मग फलाटावरच्या कोटवाल्याकडे, मग पुन्हा खेमराजकडे. विचारण्यासारखं काही उरलं नव्हतं. दूर गाडीची शिट्टी झाली. हिरालालने फडक्याची टोकं गोळा केली, उरलेली भाकर आत बांधली, आणि शिदोरी खेमराजच्या बाजूकडून उचलून पलीकडच्या मांडीवर घेतली.